शिक्षकांचं प्रशिक्षण एकीकडे, मुलांचे उपक्रम दुसरीकडे: सहावी ते आठवीसाठी दोन्ही एकत्र आणता येतील का?

खडूफळा

मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. यंदा उपक्रमांची जबाबदारीही माझ्याकडे आहे, त्यामुळे एक विषय सारखा डोक्यात घोळतोय. इथे बरेच शिक्षक आणि पालक आहेत, म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल.

बहुतेक शाळांत दोन कामं एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी चाललेली असतात. एक म्हणजे आमचं ट्रेनिंग. सुट्टीच्या दिवशी सभागृहात बसायचं, पडद्यावरच्या स्लाइड बघायच्या, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा. दुसरं म्हणजे मुलांचे एनरिचमेंट उपक्रम: विज्ञान मंडळ, वाचन कट्टा, रोबोटिक्स, वादविवाद, ऑलिम्पियाडची तयारी. पहिल्या कामात मुलं नसतात. दुसऱ्यात पुष्कळदा शाळेचे शिक्षक नसतात. बाहेरून कोणी येतं, किट मांडतं, तास संपला की किट उचलून जातं, आणि वर्गशिक्षक तेवढ्यात वह्या तपासून घेतात.

मला वाटतं हे दोन्ही एकाच तासिकेत व्हायला हवं. उपक्रमाच्या तासाला पोर्शनची टांगती तलवार नसते, परीक्षा नसते. शिक्षकाला नवीन काही करून बघायला याहून चांगली जागा शाळेत दुसरी नाही. आणि नेमकी तीच आपण बाहेरच्या माणसाच्या हवाली करतो.

एक उदाहरण देते. सातवीच्या मुलांना दोरा, एक जड नट आणि स्टॉपवॉच दिलं. प्रश्न एवढाच: झोक्याला लागणारा वेळ कशावर ठरतो? अंदाज आधी वहीत लिहायचा. बहुतेकांनी वजन लिहिलं. दोन नट बांधून पाहिले, वेळ तोच. मग दोऱ्याची लांबी. २५ सेंटीमीटरला दहा झोके साधारण १० सेकंदांत. ५० सेंटीमीटर केल्यावर सगळ्यांनी २० सांगितलं होतं, आले १४. मोजण्यात चूक झाली म्हणून पुन्हा मोजलं, पुन्हा १४. एक मीटरला मात्र २०. लांबी चौपट केली तेव्हा कुठे वेळ दुप्पट झाला. वर्गात सहसा हात वर न करणाऱ्या एका मुलीने आलेख काढला आणि म्हणाली, "बाई, रेघ वाकतेय."

माझे एक सहकारी मागे वही घेऊन बसले होते. मुलांना काहीही सांगायचं नाही, फक्त एका गटाचं बोलणं टिपायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. त्यांच्या वहीत मला जे मिळालं ते एरवी माझ्या कानावर कधीच आलं नसतं. त्या गटात बराच वेळ भांडण चाललं होतं की दोरा कुठपर्यंत मोजायचा, गाठीपर्यंत की नटाच्या मध्यापर्यंत. फळ्यापाशी उभं राहून ते नुसती कुजबुज वाटलं असतं. खरं तर सगळ्या तासातलं सगळ्यात चांगलं विज्ञान तिथे चाललं होतं. पुढच्या आठवड्यात त्या सरांनी स्वतःच्या नेहमीच्या तासाला प्रयोगाची कृती फळ्यावर लिहिण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घेतला. कुठल्याही वर्कशॉपमध्ये त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि नंतर पाठावर चर्चा करतात. ही पद्धत तिथे फार जुनी आहे. बाहेरच्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं ते १९९५ च्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर. त्यात जर्मनी, जपान आणि अमेरिका इथले आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित केले होते. म्हणजे आपल्याच वयोगटाचे वर्ग. मला हीच पद्धत उपक्रमाच्या तासाला जोडून हवी आहे: आठवड्याला एक जोडतासिका, दोन शिक्षक, एक प्रश्न, सगळी मुलं.

कोणी असं काही केलंय का? अडचणी काय येतील?

रानपाखरू

वाचतेय. आलेख वाकतोय हे मुलीने स्वतः बघितलं हे फार आवडलं. माझी मुलगी सहावीत आहे, तिच्या वहीत प्रयोगाचा निष्कर्ष आधीच उतरवून दिलेला असतो.

तासिका_सात

ताई, कल्पना चांगली आहे पण जमिनीवर या. आठवड्याला तीसेक तासिका, वर्गात पन्नास-साठ मुलं, वह्या, पेपर, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात नवीन काही आलं की ते आमच्याच डोक्यावर. तुमच्या सहकाऱ्यांचा तास त्या वेळी ऑफ होता म्हणून ते मागे बसले. ज्याचा ऑफ तास रोज बदली तासिकेत जातो त्याने काय करायचं? शाळा सुटल्यावर थांबायचं? मी हे कंटाळून लिहीत नाहीये. असे दोन-तीन चांगले उपक्रम मी डोळ्यांसमोर बंद पडताना पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, वेळापत्रकात त्याला जागा नव्हती.

खडूफळा

सर, मुद्दा शंभर टक्के मान्य. शाळा सुटल्यावर करायचं असेल तर करूच नये, या मताची मी आहे. इथे कोणी मुख्याध्यापक असतील तर वेळापत्रकाबद्दल लिहाल का?

जुनी_घंटा

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वेळापत्रक दरवर्षी मी स्वतः लावायचे, म्हणून सांगते.

उपक्रमाची तासिका प्रत्येक तुकडीला वेगळ्या दिवशी दिली की गोष्ट हाताबाहेर जाते. सातवीच्या सगळ्या तुकड्यांना ती एकाच वेळी द्या. समजा चार तुकड्या आहेत. चार खोल्या, चार शिक्षक, आणि मुलं तुकडीप्रमाणे न बसता त्यांनी निवडलेल्या प्रश्नाप्रमाणे बसतील. त्याच वेळी सहावीच्या दोन तुकड्यांना मैदानाची तासिका ठेवा. त्यांचे विषयशिक्षक आपोआप मोकळे होतात, ते निरीक्षणाला येतात. पुढच्या सत्रात उलट. यात एकही जादा तासिका लागत नाही. फक्त वेळापत्रक लावताना ही जोडतासिका सगळ्यात आधी टाकावी लागते, बाकीचं तिच्याभोवती. शेवटी टाकायला गेलात तर जागा मिळणारच नाही.

चर्चेला वेळ हवा. तो मी स्टाफ मीटिंगमधून काढायचे. परिपत्रकं वाचून दाखवण्यात मीटिंगचा अर्धा वेळ जातो. ती सूचनाफलकावर लावा किंवा ग्रुपवर टाका, सही घ्या. मीटिंगमध्ये फक्त पाठावर बोला.

आणखी एक, हे मात्र अगदी कळकळीने सांगते. निरीक्षणाची वही मुख्याध्यापकाने मागायची नाही. त्या वहीतला एक शब्द जरी शिक्षकाच्या कामाच्या गोपनीय अहवालात गेला तर दुसऱ्या दिवसापासून शिक्षक एकमेकांच्या पाठाला 'छान झाला' एवढंच लिहायला लागतील. निरीक्षण मुलांचं असतं, शिक्षकाचं नव्हे. हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं आणि वर्षभर पाळायचं.

तासिका_सात

मॅडम, मैदानाच्या तासिकेची युक्ती पटली. आमच्याकडे खेळाचे शिक्षक एकच आहेत, पण दोन तुकड्या एकत्र सांभाळतात ते. मांडून बघतो.

आकडेमोड

मी शिक्षक नाही, शैक्षणिक संशोधनाच्या क्षेत्रात काम करतो. दोन अभ्यास इथे सांगण्यासारखे आहेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

पहिला २००७ चा. अमेरिकेत क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी १३०० हून अधिक अभ्यास चाळले. पुराव्याच्या कसोटीवर टिकले फक्त ९. त्या नऊंमध्ये शिक्षकांना सरासरी ४९ तासांचं प्रशिक्षण मिळालं होतं, आणि त्यांच्या मुलांची प्रगती साधारण २१ शततमकांनी जास्त दिसली. सोप्या भाषेत, शंभरांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल खालून मोजल्यास एकाहत्तराव्या जागी. चौदा तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा ठळक परिणाम दिसला नाही. प्रशिक्षणाच्या भाषणांत हा आकडा फार फिरतो. पण ते नऊच्या नऊ अभ्यास प्राथमिकच्या शिक्षकांवरचे होते, हे कोणी सांगत नाही. माध्यमिक किंवा मधल्या वर्गांचा त्यात एकही नव्हता.

दुसरा अभ्यास नेमका या धाग्याच्या वयोगटाचा. सातवीचे गणित शिक्षक, विषय परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी. मायकल गॅरेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२ जिल्ह्यांत तो केला, शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करून. प्रशिक्षण भरपूर दिलं, सुट्टीतलं शिबिर, वर्षभर चर्चासत्रं आणि शाळेत येऊन मार्गदर्शनही. पहिल्या वर्षाअखेर शिक्षक मुलांना 'तू असा विचार का केलास' असं जास्त विचारू लागले होते. मुलांच्या गुणांत मात्र फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षानंतरही नाही.

यातून प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. पण 'पन्नास तास द्या, काम झालं' हेही खरं नाही. मुलाने विचार बोलून दाखवला, तर त्यावर पुढे काय करायचं हे त्या क्षणी सुचावं लागतं. त्यासाठी विषयाची एक विशिष्ट जाण लागते. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं होतं: विषय स्वतःला येणं वेगळं, आणि तो शिकणाऱ्याच्या डोक्यात कुठे अडतो हे माहीत असणं वेगळं. खडूफळा यांच्या योजनेत मुलांचं बोलणं टिपलं जातंय, हे उत्तम. टिपलेल्याचं पुढे काय होतं, यावर सगळं ठरेल.

खडूफळा

आकडेमोड, अनेक आभार. दुसरा अभ्यास मला माहीत नव्हता.

तुम्ही अपूर्णांकांचं म्हणालात म्हणून लिहिते. पावणेदोन भागिले अर्धा. उलटा करून गुणायचं हे सगळ्यांना येतं, उत्तर साडेतीन. आता यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा, असं शिक्षकांना सांगून बघा. लिपिंग मा यांनी चीन आणि अमेरिकेतल्या शिक्षकांची तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली, त्यात हाच प्रश्न होता. अमेरिकेतल्या अनेक शिक्षकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागायची गोष्ट रचली, दोघांत समान वाटणी वगैरे.

आमच्या शिक्षकखोलीत आम्ही हे उदाहरण कापडावर घेतलं. पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील? मग तेच उपक्रमाच्या तासाला मुलांना दिलं, खऱ्या कागदी पट्ट्या देऊन. मुलांनी तीन तुकडे कापले आणि उरलेला तुकडा हातात धरून म्हणाली, "तीन आणि पाव." मोजून बघितलं तर उरलेली पट्टी खरंच पाव मीटर. मग पुस्तकात साडेतीन कसं? वर्गात दोन तट पडले. एक मुलगा उरलेली पट्टी अर्ध्या मीटरच्या तुकड्यावर ठेवून दाखवत होता की ती त्याच्या निम्मी आहे. पाव मीटर, पण अर्धा तुकडा. दोन्ही बरोबर, फक्त कशाच्या मापाने हे सांगायला हवं.

निरीक्षण करणाऱ्या बाई सहावीला गणित शिकवतात. चर्चेत त्या म्हणाल्या की भागाकारात बाकी उरली की मुलं एकक विसरतात, हे त्यांच्याकडे सहावीतच दिसतं, दशांशात. मग पुढचा पाठ आम्ही दशांशाचा आखला. आकडेमोड यांच्या 'पुढे काय' या प्रश्नाला सध्या तरी माझ्याकडे हे उत्तर आहे: एका तासात दिसलेली अडचण पुढच्या पाठाचा प्रश्न व्हायला हवी, आणि तो पाठ नेहमीच्या तासिकेत घ्यायला हवा.

एक_पालक

उपक्रमांसाठी मुलं निवडण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मुलाच्या शाळेत (नाव नको) विज्ञान मंडळाला फक्त पहिल्या दहा नंबरांतली मुलं घेतात. माझा मुलगा घरी जुने रेडिओ उघडून बसतो, पण त्याला गुण मध्यम. ज्याला खरंच गरज आहे तो दाराबाहेर. सातवीतल्या मुलाला एकदा कळलं की 'हे माझ्यासाठी नाही', की तो पुन्हा विचारायला जात नाही.

आकडेमोड

एक_पालक, तुमची तक्रार रास्त आहे, आणि तिच्यामागे जुना विचारही आहे. जोसेफ रेन्झुली यांनी सत्तरच्या दशकातच मांडलं होतं की केवळ चाचणीतले गुण म्हणजे प्रतिभा नव्हे. सरासरीपेक्षा बरी क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे बघा. तिसरी गोष्ट परीक्षेत दिसतच नाही. रेडिओपाशी दिसते.

१९७७ मध्ये त्यांनी उपक्रमांचे तीन प्रकार सांगितले. पहिला, नवनव्या विषयांची ओळख. दुसरा, विचाराची आणि शोध घेण्याची कौशल्यं. तिसरा, मुलाने स्वतः निवडलेल्या खऱ्या प्रश्नावर दीर्घ काम. पहिले दोन सगळ्यांसाठी खुले ठेवायचे. कोण तिसऱ्याकडे वळतंय हे त्यातूनच कळतं. मुलांना आधी गाळून मग उपक्रम देणारी शाळा हा क्रम उलटा लावते.

कोनमापक

थोडं विरुद्ध मत. सगळ्यांसाठी खुलं हवंच, पण खरोखर पुढे धावणाऱ्या मुलांना विसरू नका. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असाधारण गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. सातवी-आठवीच्या मुलांना त्यांनी कॉलेज प्रवेशाची परीक्षा दिली, आणि काही मुलांनी ती मोठ्यांपेक्षा चांगली सोडवली. शाळेच्या पेपरात शंभरपैकी शंभर मिळवणारी दोन मुलं एकसारखी दिसतात. त्यातल्या एकाची धाव तिथेच संपलेली असते आणि दुसरं खूप पुढे असतं. त्या दुसऱ्या मुलाला झोक्याचा प्रयोग चार गटांबरोबर करून समाधान होणार नाही. त्याला वर्गमूळ शिकवावं लागेल, आणि ते त्याच तासात शिकवलं पाहिजे.

खडूफळा

कोनमापक, सहमत. झोक्याच्या प्रयोगाची मला हीच बाजू आवडते. कोणी वेळ मोजून थांबतं. कोणी विचारतं की १० झोके मोजून दहाने का भागायचं, एकच का मोजायचा नाही. आणि एखाद्याला लांबी चौपट, वेळ दुप्पट, लांबी नऊपट, वेळ तिप्पट हे दिसतं, त्याला मग तिथून वर्गमुळापर्यंत नेता येतं. प्रश्न एकच आणि खोली हवी तेवढी, असे प्रश्न शोधणं हेच शिक्षकांच्या गटाचं मुख्य काम असावं. अवघड आहे ते. तयार वर्कशीट आणणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

शब्दवेल्हाळ

मी भाषा आणि इतिहास शिकवते. धागा गणित-विज्ञानाकडे झुकलाय, पण ही पद्धत माझ्याही तासाला लागू पडते असं वाटतं.

मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. थांबायच्या जागा दोन आहेत, प्रश्नानंतर आणि मुलाच्या उत्तरानंतर. दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे. मूल एक वाक्य बोलतं, आपण 'शाब्बास' म्हणतो, आणि त्याच्या मनातलं दुसरं वाक्य तिथेच राहतं.

आम्ही इतिहासाच्या उपक्रमात एकाच घटनेची दोन वर्णनं मुलांना दिली आणि विचारलं, दोघांपैकी कोण तिथे हजर होतं असं वाटतं? माझी सहकारी मागे बसून फक्त सेकंद मोजत होती. उत्तरानंतर मी गप्प राहिले तेव्हा आठवीतला एक मुलगा आधी म्हणाला, "पहिला." मग थोड्या वेळाने, "कारण तो आवाजाबद्दल लिहितो." आणि आणखी थोड्या वेळाने, "पण दुसऱ्याने कोणाकडून ऐकून पण आवाज लिहिला असता." हे तिसरं वाक्य म्हणजे साधनचिकित्सा, लिहिलेल्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे तपासणं. शांतता नसती तर 'पहिला' एवढ्यावरच आम्ही पुढे गेलो असतो.

हे शिकायला मोठं शिबिर लागत नाही, पण दुसरं माणूस मात्र लागतं. शिकवताना स्वतःचे सेकंद मोजता येत नाहीत.

रानपाखरू

शब्दवेल्हाळ, प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. घरी पण करून बघेन, उत्तर आल्यावर गप्प राहणं.

एक विचारायचं होतं. हे सगळं सहावी ते आठवीलाच का? लहान वर्गांत जास्त सोपं जाणार नाही का?

जुनी_घंटा

लहान वर्गांत जरूर करावं. पण या तीन वर्षांत गरज जास्त आहे. तोवर एक वर्गशिक्षक मुलाला दिवसभर बघत असतो. इथे विषयागणिक माणूस बदलतो, कोणालाच मूल अख्खं दिसत नाही. मुलांना याच वयात स्वतः ठरवावंसं वाटतं, आणि शाळा नेमकी याच वयात जास्त बांधून घालते. जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली यांनी १९८९ मध्ये हेच मांडलं होतं, वयाची गरज आणि शाळेची रचना यांचा मेळ बसत नाही म्हणून मुलांचा रस उतरतो. सगळा दोष वयात येण्यावर टाकता येत नाही.

दोन विषयांचे शिक्षक एकाच खोलीत बसले, तर निदान त्या तासापुरतं त्या मुलाला दोन मोठी माणसं एकत्र बघतात. माझ्या काळात एका मुलाला गणिताचे सर 'ढिला' म्हणायचे आणि चित्रकलेचे सर 'नेटका'. दोघं शेजारी बसल्यावर कळलं की त्याला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं.

तासिका_सात

वेळापत्रक मांडून पाहिलं. सातवीच्या तीन तुकड्या आहेत आमच्याकडे, जोडतासिका गुरुवारी बसतेय. मुख्याध्यापकांना विचारलं, एक सत्र करून बघा म्हणाले, वही मागणार नाही हेही कबूल केलं. पहिला प्रश्न कोणता घेऊ? साहित्यावर खर्च करता येणार नाही.

खडूफळा

सर, फार बरं वाटलं वाचून! पट्ट्यांचा भागाकार घ्या. जुनी वर्तमानपत्रं, पट्टी आणि कात्री एवढंच लागतं. पावणेदोन मीटरची पट्टी आधी जोडून ठेवा, नाहीतर चिकटवण्यातच तास जातो. निरीक्षकाला एकच गट द्या, चार मुलांपेक्षा जास्त नको. त्याच्या वहीत दोनच रकाने: मूल काय म्हणालं आणि हातांनी काय केलं. 'समजलं', 'समजलं नाही' असं त्याने लिहायचं नाही, ते चर्चेत ठरवू. चर्चा त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी तपशील पुसट होतात.

मुलं 'तीन आणि पाव' म्हणाली तर लगेच दुरुस्त करू नका. आणि एखाद्या गटाचं उत्तर आधीच साडेतीन आलं, तर त्यांना विचारा की पाऊण मीटरचे तुकडे केले असते तर काय झालं असतं. दोन तुकडे निघतात आणि पाव मीटर उरतं, म्हणजे तुकड्याचा एक तृतीयांश. कोनमापक म्हणतात ती मुलं तिथे रमतील.

तासिका_सात

घेतो. गटाचं बोलणं लिहून काढलं की इथेच टाकतो, मुलांची नावं न देता.